आदिवासींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा प्रत्यक्षात कुणाच्या कामाला येतो का?

तुम्ही विचारलंय की संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या आदिवासींसाठी जाहीरनामा केला खरा, पण त्याने कुणाची जमीन वाचली का, आणि आपण साध्या माणसांनी काय करायचं. मी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात राहतो आणि वनहक्काचे दावे भरायला लोकांना मदत करतो. त्यामुळे उत्तर तिथूनच देतो.

उपयोग होतो, पण आपोआप होत नाही. गावाने एकत्र बसून आपलं म्हणणं लिहून काढलं, की मग त्या कागदाला धार येते.

जाहीरनामा 13 सप्टेंबर 2007 चा. 144 देश बाजूने होते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड विरोधात. पुढे या चौघांनीही पाठिंबा दिला. त्यातलं दहावं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं: लोकांना त्यांच्या जमिनीवरून बळजबरीने हलवायचं नाही, आधी सगळी माहिती द्यायची, दडपण आणायचं नाही आणि त्यांची संमती मिळाली तरच पुढे जायचं. भारताने बाजूने मत दिलं, पण सगळेच भारतीय इथले मूळ रहिवासी आहेत अशी सरकारची भूमिका राहिली. म्हणून आपल्याकडे खरी लढाई 2006 च्या वनहक्क कायद्यावर, म्हणजे जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे जमिनीचे आणि जंगल वापरायचे हक्क मान्य करणाऱ्या कायद्यावर, लढावी लागते.

केनियातल्या एंडोरोइस लोकांची हकिगत मी आमच्या धनगरवाड्यांवर नेहमी सांगतो. गुरं-शेळ्या पाळणारे लोक. 1970 च्या दशकात बोगोरिया तलावाकाठी अभयारण्य झालं आणि त्यांना तिथून उठवलं. चराई गेली, देवस्थानं गेली. ते आफ्रिकेच्या मानवी हक्क आयोगाकडे गेले आणि 2010 मध्ये आयोगाने निकाल दिला: जमीन परत करा, तलावाशी पूजेला आणि चराईला जाऊ द्या, भरपाई द्या. पण लगेच 2011 मध्ये तोच तलाव त्यांना न विचारता जागतिक वारसा यादीत गेला, आणि निकालाची पुरती अंमलबजावणी पुढे वर्षानुवर्षं रखडली. हे ऐकून आमची माणसं एकमेकांकडे बघतात. कारण आमचं कोयना अभयारण्य 1985 चं, व्याघ्र प्रकल्प 2010 चा, आणि कास, कोयना, चांदोली वारसा यादीत आले 2012 मध्ये. वाघ वाचलाच पाहिजे, मलाही तो हवा आहे. पण सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखणाऱ्याला विचारायचं राहून जातं, याचा मला राग येतो.

इथे एक अडचण समजून घ्या. आमच्याकडचे कातकरी अनुसूचित जमातीत आहेत, गवळी धनगर नाहीत. त्यामुळे धनगरांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या मागे 75 वर्षांचा, म्हणजे 1930 पासूनचा रहिवास दाखवावा लागतो. डोंगरात 1930 चा कागद कुणाकडे असणार? एका वाड्यावरचे दावे ‘पुरावा जोडलेला नाही’ एवढ्याच शेऱ्यावर परत आले होते.

मग आम्ही या कायद्याचे नियमच उघडून बसलो. तेराव्या नियमात दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. घरं, बांध, देवाची झाडं, पाणवठेही चालतात. आणि 2012 च्या दुरुस्तीनुसार अमुकच कागद आणा असा हट्ट ग्रामसभेनंतर दावे तपासणाऱ्या वरच्या समित्यांना, म्हणजे उपविभागीय आणि जिल्हा समितीला, धरता येत नाही. त्या वाड्यावरच्या एका आजींनी आम्हाला कारवीत बुजलेला गोठ्याचा चौथरा दाखवला. कडेला दगडात कोरलेली डोण होती, म्हशींना पाणी पाजायची. “माझ्या सासूच्या सासूनं हितंच धारा काढल्या,” म्हणाल्या. त्यांच्या सासूच्या सासूचं नाव, डोणीचं माप, चौथऱ्यापासून झऱ्यापर्यंतची पावलं, सगळं जबाबात उतरवलं. आजींचा अंगठा घेतला, ग्रामसभेचा ठराव जोडला आणि दावे पुन्हा दाखल केले. या वेळी प्रत्येक दाव्याची पोच घेतली. निर्णय अजून यायचा आहे.

ग्रामसभेच्या ठरावात किती ताकद असते ते ओडिशात दिसलं. नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने 2009 मध्येच सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, मिळवला होता.

तुम्ही काय करायचं? आसपास असा वाडा, पाडा असेल तर ग्रामसभेच्या दिवशी तिथे जा. कोरमला निम्मे सभासद लागतात आणि त्यात एक तृतीयांश बायका. नाहीतर चांगला ठरावही लटकतो. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आधी लिहून घ्या, ते काम पावसाळ्यानंतर करू म्हणून ठेवू नका. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि 60 दिवसांच्या आत वरच्या समितीकडे अर्ज करा. जबाबाचा नमुना हवा असेल तर खाली लिहा, आम्ही वापरला तो टाकतो.