अमेरिकन बंब एवढे दणकट असतात तर युरोपातल्या फायर ब्रिगेड ते का घेत नाहीत?

घेतात, पण विमानतळांवर आणि अमेरिकन लष्करी तळांवर. गावाच्या नाहीतर शहराच्या ब्रिगेडमध्ये जवळजवळ नाहीच. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-जर्मनीत बऱ्याच ठिकाणी अमेरिकन सैन्याचे जुने डॉज आणि जीएमसी ट्रक घेऊन त्यांचे बंब केले होते, ते हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून. आणि "दणकट" या शब्दावरून माझं माझ्या टेक्सासच्या साडूंशी कित्येक वर्षं भांडण चालू आहे, त्यांच्या मते आमच्या जर्मनीतले बंब म्हणजे कुरिअरच्या व्हॅन. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मी ऱ्हाइनलँड-फाल्त्समधल्या एका छोट्या गावात राहतो, नोकरी आयटीत आणि गावच्या फायर ब्रिगेडमध्ये स्वयंसेवक. इथे खेड्यापाड्यात पगारी ब्रिगेड नसते, पेजर वाजला की सुतार, शाळामास्तर, बेकरीवाला, मी, सगळे हातातलं काम टाकून पळतो. मला याचा फार अभिमान आहे. तर जवळच्या एका अमेरिकन तळाच्या ब्रिगेडबरोबर (तिथेही कामाला बरेचसे जर्मनच) आमचा एकत्र सराव होता, चर्चमागच्या गल्लीत जुन्या घराचा माळा पेटलाय असं धरून.

त्यांचा बंब आला तेव्हा अख्खं गाव बघायला बाहेर. लांबलचक, क्रोम चकाकतंय, बाजूला पंपाचं भलंमोठं पॅनल. दिसायला देखणाच, त्यात वाद नाही. पण गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या दगडी पायऱ्या बाहेर आलेल्या आहेत आणि समोर गाड्या पार्क केलेल्या, ड्रायव्हरने पुढे-मागे बरंच करून बघितलं, चांगला तरबेज माणूस होता, पण वळेचना, शेवटी चौकातच उभा केला आणि तिथून होज ओढत आणले. तोवर आमचा MAN (मान) कंपनीच्या चॅसीवरचा बंब नऊ माणसं घेऊन आत पोचला होता, त्यांच्यात चारच होती, आणि शेजारच्या गावाची मागिरुस कंपनीची शिडीची गाडी भिंतीकडचे जॅक कमी आणि मोकळ्या बाजूचे जास्त पसरून उभी राहिली, बास्केट सरळ माळ्याच्या खिडकीला. रुंदीत दोघांत फार फरक नसतो, सगळा खेळ लांबीचा आणि वळायला किती जागा लागते त्याचा आहे.

मग पंपाचं. साडूंचा आवडता मुद्दा. अमेरिकेत १५०० गॅलनचा पंप नेहमीचा, म्हणजे मिनिटाला साधारण ५,७०० लिटर. आमच्याचा १० बारला २,००० लिटर. ऐकायला जबरदस्त वाटतं, पण जर्मनीत गावांच्या आगीसाठी पाण्याचा हिशोबच सहसा मिनिटाला ८०० ते १,६०० लिटरचा धरतात, हायड्रंटमधून तेवढंच मिळणार असेल तर उरलेला पंप काय करायचा? आणि हायड्रंटला जोडायला सुद्धा अ‍ॅडॉप्टर लागतो, इकडे सगळं स्टॉर्झ कपलिंग, नुसतं फिरवलं की बसतं, त्यांच्याकडे आट्यांचं. तळावरच्या लोकांनी अ‍ॅडॉप्टर आणला होता म्हणून निभावलं.

हे किरकोळ वाटत असेल तर १९०४ ची बाल्टिमोरची आग बघा, शेजारच्या शहरांतून बंब धावत आले आणि त्यांचे होज तिथल्या हायड्रंटला बसेनात, १,५०० च्या वर इमारती गेल्या. किंवा १९८८ चा जर्मनीतल्या रामश्टाइन या अमेरिकन हवाई तळावरचा एअर शो, विमानं एकमेकांवर आदळून ७० माणसं गेली, आणि जखमींना सलाइन लावताना अमेरिकन आणि जर्मन नळ्यांचे जोड जुळत नव्हते. शेजारच्या गावाचं सामान आपल्याला चटकन जोडता येणं हे मिनिटाला किती लिटरपेक्षा कितीतरी मोठं आहे, हे साडूंना मी तोंड दुखेपर्यंत सांगितलंय.

शिवाय इथे रस्त्यावर आणायचं म्हणजे लाल दिवे काढून निळे, मागचे लाल इंडिकेटर काढून पिवळे, वेगळी मंजुरी, आणि स्पेअर पार्ट समुद्रापलीकडून.

तुमच्याही ओळखीत कोणी असं ऐकवत असेल तर त्यांना विचारा की लॉस एंजेलिसने २०२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या रोझेनबाउअरचा इलेक्ट्रिक बंब का घेतला, ज्याचा भाऊ बर्लिनमध्ये आधीच धावत होता.

हां, एक मात्र आहे. रुंद रस्ते, एकमेकांपासून लांब असलेली लाकडी घरं, जोरदार हायड्रंट असतील तिथे अमेरिकन बंब योग्यच आहे, तो त्याच जागेसाठी बनवलाय. आणि विमानतळावर तर गल्ली नाही, पायऱ्या नाहीत, हायड्रंटची वाट बघायची नाही, तीन मिनिटांच्या आत विमानापाशी पोचून स्वतःच्या टाकीतलं पाणी मारायचं. ओशकोश या अमेरिकन कंपनीचा सहा चाकी स्ट्रायकर बंब साधारण ११ हजार लिटर घेऊन धावतो, तो युरोपातही वापरतात आणि तिथे माझी काहीच तक्रार नाही.