लिंबूटिंबू करणे म्हणजे माया नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. अडीच वर्षांच्या भावाच्या हातातले खेळणे ती हिसकावून घेते आणि तो रडू लागला की हसते. 'तू मोठी आहेस, तू दे' असे आम्ही रोज सांगतो, चांगली वागली की भिंतीवरच्या तक्त्यावर तारा चिकटवतो, पण फरक पडत नाही. दुसऱ्याचे मन ओळखायला खेळातून आणि घरच्या घरी कसे शिकवावे? एखादा खेळांचा संच सुचवावा."

संच घेऊ नका, हे पहिले. बाकीचे उत्तर लांबेल, कारण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याशी आमच्या घरातला वीस-पंचवीस वर्षांचा वाद जोडलेला आहे, आणि त्या वादात माझी बाजू बरोबर असूनही समोरच्या माणसाला मी ओळखले नव्हते. त्या वाक्याकडे मी पुढे येते.

१९९६च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा सोलापुरात साखर पेठेतल्या एका वाड्यात राहत होतो. चार बिऱ्हाडे, मध्ये फरशीचा चौक आणि मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा खडखडाट. मे महिन्यात दुपारभर मुले जिन्याखाली सावलीला बसत आणि ऊन उतरले की चौकात येत. माझा मुलगा सहा वर्षांचा होता. समोरच्या खोलीत एक तेलुगू बोलणारे कुटुंब राहत असे. त्या घरातल्या बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत, आणि त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत असे.

मुलांचा आवडता खेळ होता 'डोंगराला आग लागली'. आमच्या वाड्यात तो असा खेळत: ज्याच्यावर राज्य त्याने 'डोंगराला आग लागली, पळा पळा पळा' असे ओरडायचे, बाकीच्यांनी गोल पळायचे आणि 'आग विझली' म्हटले की जागच्या जागी थांबायचे, जो पळत राहील तो बाद. एका संध्याकाळी मी खिडकीत ज्वारी निवडत बसले होते आणि राज्य माझ्या मुलावर होते. ती मुलगी पाठमोरी होईपर्यंत तो थांबला आणि मग हलक्या आवाजात 'आग विझली' म्हणाला. सगळी मुले थांबली. ती एकटी पळत राहिली. आपण सगळ्यांच्या पुढे आहोत असेच तिला वाटले असावे, कारण परकर दोन्ही हातांनी वर धरून ती हसत हसत आणखी जोरात पळाली. एक पूर्ण फेरी झाल्यावर तिला बाकीचे उभे असलेले दिसले, आणि ते कशाला हसत आहेत तेही तिच्या लक्षात आले.

मी तशीच खाली गेले, मुलाचा दंड धरला आणि सगळ्यांसमोर त्याला माफी मागायला लावली. त्याने भिंतीकडे तोंड करून 'सॉरी' म्हटले. तोंड भिंतीकडे असल्यामुळे तिला ते ऐकूही आले नाही आणि त्याचे ओठही दिसले नाहीत. ती माफी तिच्यासाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती. दुसऱ्या दिवशी त्याने तिला ढकलले आणि मी जिन्यात दिसताच, मी काही बोलण्याच्या आत, 'सॉरी' म्हणून टाकले. दंड भरला की सुटका होते एवढेच मी त्याला एका दिवसात शिकवले होते. तेव्हापासून माझे मत पक्के आहे की मुलाला दटावून माफी मागायला लावणारे आईवडील स्वतःची लाज झाकत असतात. ज्याला लागले त्याच्याकडे त्यांचे लक्ष नसते. मी त्यांच्यातली होते.

तिसऱ्या दिवशी मुलांनी आपल्या मनाने तोडगा काढला आणि तिला लिंबूटिंबू केले. ही आपल्याकडची जुनी रीत मला मनापासून आवडते. लहान मुलाला खेळात घ्यायचे, पण बाद करायचे नाही आणि त्याच्यावर राज्यही द्यायचे नाही. माझ्या मते मराठी घरात मायेचा पहिला धडा कोणी सांगून देत नाही, तो अंगणात असा मिळतो. मी खिडकीतून समाधानाने पाहत होते. पण ती मुलगी एक डाव खेळली, आपण चुकलो तरी कोणी बाद करत नाही हे तिला कळले, आणि ती आईच्या उंबऱ्यावर जाऊन बसली ती उठलीच नाही. तिला सवलत नको होती. तिला बाद व्हायचे होते आणि आपल्यावर राज्य यावे असेही वाटत होते.

त्या रात्री मी मुलाला रागावले नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या एवढेच विचारले, "आग विझली हे तुला कशावरून कळते?" तो म्हणाला, "आवाजावरून." मी विचारले, "आणि तिला?" तो गप्प राहिला. मला पुढे बरेच बोलायचे होते, पण मी ते गिळले, आणि आई म्हणून मी जी दोन-चार शहाणपणाची कामे केली त्यांत या गप्प बसण्याला मी वरचे स्थान देते. सकाळी तो म्हणाला, "तिला दिसते की." आमचे थोरले दीर टॉवेलच्या कारखान्यात होते, त्यांनी आणलेले, विणकर चुकल्यामुळे बाजूला काढलेले टॉवेल आमच्याकडे फडकी म्हणून वापरात असत. त्यांतल्या एका लाल टॉवेलचा हातभर तुकडा त्याने मागून घेतला. संध्याकाळी नियम बदलला होता: लाल फडके वर म्हणजे आग लागली, खाली म्हणजे विझली. तोंडाने ओरडायचे ते ओरडायचेच, पण खरे ते फडक्याचे. पहिल्याच डावात ती मुलगी सगळ्यांच्या आधी थांबली आणि माझा मुलगा बाद झाला. तिच्यावर राज्य आले तेव्हा तिने ते फडके किती वेळ वर धरून ठेवले म्हणता! मुलांना धाप लागली तरी ती खाली करीना, आणि उंबऱ्यावर विड्या वळणाऱ्या तिच्या आईचे हात थांबले होते.

दया आणि दुसऱ्याचे मन ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या फडक्याने शिकवले. पुढे बेट्टी रेपाचोली आणि ॲलिसन गॉपनिक या मानसशास्त्रज्ञांचा १९९७ सालचा एक प्रयोग वाचनात आला, तेव्हा मला वाडाच आठवला. त्यांनी लहान बाळांसमोर बिस्किटे आणि कच्ची ब्रोकोली ठेवली. बाळांना अर्थातच बिस्किटे आवडली, पण समोरच्या बाईने बिस्किट खाऊन तोंड वाकडे केले आणि ब्रोकोली खाऊन आनंद दाखवला. मग तिने हात पुढे करून 'मला दे' म्हटले. चौदा महिन्यांच्या बाळांनी तिला बिस्किटच दिले. अठरा महिन्यांच्या बाळांनी ब्रोकोली दिली. म्हणजे 'मला जे आवडते ते तिला आवडत नाही' एवढे दीड वर्षाच्या मुलाला कळू लागते. तुमच्या साडेपाच वर्षांच्या मुलीला भावाचे मन कळत नाही, असे समजू नका. तो कशाने रडतो हे तिला तुमच्यापेक्षा नेमके कळते, म्हणून तर ती नेमके तेच हिसकावते. कळते त्याचे करायचे काय, एवढाच प्रश्न आहे, आणि तो तक्त्यावरच्या ताऱ्यांनी सुटत नाही. तारे आजच काढून टाका. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांच्या २००८च्या प्रयोगात वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदत केल्याबद्दल खेळणे बक्षीस मिळाले, ती पुढे बक्षीस नसताना इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. बाळ आपण होऊन करत होते त्याची आपण मजुरी ठरवली की ते मजूर होते.

घरच्या घरी काय करावे, याचे माझे उत्तर असे की मुलाच्या हाती दुसऱ्याच्या गरजेचे एखादे खरे काम द्यावे आणि ते विचारून करायला लावावे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी सुटायच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजींची एक कळशी भरणे हे माझ्या मुलाचे काम होते, पण आधी वर जाऊन 'आजी, प्यायचे भरू का वापरायचे?' असे विचारल्याखेरीज भरायचे नाही. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते तेव्हा मुले वारकऱ्यांना पाणी द्यायला धावतात. तिथेही मी त्याला आधी विचारायला लावले, कारण कोणाला पाणी नको असते, नुसती टेकायला जागा हवी असते. भातुकली जरूर खेळा, पण तुम्ही बाळ व्हा आणि मुलीला आई होऊ द्या. मग रडा, आणि ती काय करते ते पाहा. ती तुम्हाला दटावील, फटका देईल किंवा 'तू मोठी आहेस ना' म्हणेल, आणि आपले घर तिला कसे दिसते ते तुम्हाला समजेल.

आता ते वाक्य. आमच्या थोरल्या दिरांना माझे हे सगळे अजिबात पटत नसे. ते म्हणत, "पोराला बुळा करून ठेवाल. सगळ्यांच्या मनाचा विचार करणारा माणूस जगात मागे राहतो." एकदा मी चिडून म्हटले की डॉक्टर कोटणीस याच सोलापुरात १९१० साली जन्मले, १९३८ साली परक्या देशातल्या जखमींसाठी चीनला गेले आणि आज त्यांचे स्मारक आपण अभिमानाने दाखवतो, ते काय बुळे होते? दीर शांतपणे म्हणाले, "बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. त्यांच्या आईला विचारले होते का कोणी?" मला उत्तर सुचले नाही, आणि ते सुचले नाही याचा राग मी पुढे कित्येक वर्षे त्यांच्यावर काढला.

सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात, त्यांच्याच तोंडून, मला कळले की सासरे होते ती गिरणी बंद पडली तेव्हा थोरले दीर तेरा वर्षांचे होते. त्यांची शाळा सोडवून त्यांना मागावर बसवले आणि माझ्या नवऱ्याला शिकवले. शाळेची नवी वह्या-पुस्तके ठेवलेली पिशवी धाकट्याला देताना त्यांना सांगितले गेले ते एवढेच, की तू मोठा आहेस, तू दे. त्यांना कोणी विचारले नव्हते. तेरा वर्षांच्या मुलाकडून काढून घेतलेल्या वस्तूला घरादाराने त्याचा मोठेपणा म्हटले आणि तो मोठेपणा ते आयुष्यभर पुरवत आले. माझ्या मुलाला मी माया शिकवते आहे असे मी सांगे, तेव्हा त्यांना त्यात ती पिशवी दिसत असणार. हे मी त्यांना आजवर बोलून दाखवलेले नाही.

म्हणून सांगते, मुलीला 'तू मोठी आहेस, तू दे' हे म्हणणे आजपासून बंद करा. भाऊ आला त्या दिवशी तिच्याकडून तुमची मांडी गेली आहे, आता खेळणीही तिनेच द्यायची असतील तर ती हिसकावणारच. तिच्या काही वस्तू फक्त तिच्या असू द्या; त्या भावाला द्यायच्या की नाहीत ते तिने ठरवावे आणि ती नाही म्हणाली तर तो नकार घरात सगळ्यांनी मानावा. हिसकावले तर मात्र वस्तू शांतपणे परत करायला लावा. भाषण करू नका, फक्त 'तो का रडतो आहे?' एवढे विचारून उत्तराची वाट पाहा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. तो रडल्यावर तिचे हसणे हे दुष्टपणाचे लक्षण समजू नका. घाबरलेली किंवा ओशाळलेली मुलेही हसतात. पण ती वारंवार जनावरांना मुद्दाम इजा करत असेल, किंवा तिला कोणाच्याच रडण्याने काहीच वाटत नाही असे तुम्हाला महिनोन् महिने दिसत असेल, तर माझ्यासारखीच्या अनुभवावर विसंबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तसेच फडक्याची युक्ती मुलाला सुचली म्हणून चालली. मी सुचवली असती तर दोन दिवसांत विसरली गेली असती.

गेल्या दिवाळीत सगळे आमच्याकडे जमले होते. माझी नात सहा वर्षांची आहे आणि नातू तीन वर्षांचा. नातीच्या हातात नवी रंगपेटी होती आणि नातवाने तिच्यासाठी भोकाड पसरले. सूनबाई, माझा नवरा आणि मीसुद्धा, तिघेही एकदम बोलायला लागलो, आणि आमच्या तोंडून काय निघणार होते ते मला ठाऊक आहे. तेवढ्यात कॉटवर पडलेले थोरले दीर उठून बसले आणि म्हणाले, "थांबा. तिला आधी विचारा, द्यायची आहे का." नातीने विचार केला आणि हे चित्र संपल्यावर देईन म्हणाली. चित्र संपायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ नातू रडत होता, आणि दीर त्याला मांडीवर घेऊन बसले होते.