सोनोग्राफीत बाळाची पाठ माझ्या पाठीकडे दाखवतेय, नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते का?

हो, होऊ शकते. माझी झाली, आणि तीही बाळ शेवटपर्यंत न फिरता.

तुम्ही लिहिलंय की 36 वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण आहे, रिपोर्टवर ऑक्सिपुट पोस्टेरियर असं आलंय आणि जाऊबाई म्हणाल्या आता सीझर ठरलेलंच. तर आधी ते मनातून काढा. मी डॉक्टर नाही, पण माझ्या मुलीच्या वेळी ह्याच दोन शब्दांनी माझी झोप उडवली होती आणि तेव्हा डॉक्टरांना विचारून विचारून, वाचून वाचून जे कळलं ते आणि नंतर जे प्रत्यक्ष भोगलं ते सांगते.

पहिली गोष्ट, बाळाचं डोकं खालीच आहे. घरात कोणीतरी 'बाळ उलटं आहे' म्हणतं आणि सगळे पायाळू समजून घाबरतात, तसं हे नाही. पायाळूत ढुंगण किंवा पाय खाली असतात. ओपीमध्ये (म्हणजे ऑक्सिपुट पोस्टेरियर) डोकं खाली, फक्त बाळाची पाठ आपल्या पाठीला लागून आणि तोंड आपल्या पोटाकडे. म्हणून पोटाचा आकार पण जरा वेगळा वाटतो, बेंबीच्या आसपास खोलगट, आणि लाथा पुढच्या बाजूला जास्त कळतात. मला तर बेंबीच्या दोन्ही बाजूंना हातपाय लागायचे आणि पाठ कुठे हाताला लागायचीच नाही. तपासायला आलेल्या सिस्टर डॉपलर लावताना ठोके पोटाच्या मध्यात न शोधता कुशीकडे शोधायच्या, तिकडेच नीट ऐकू यायचे.

आता त्रास का होतो ते. बाळाने हनुवटी छातीला टेकवलेली असली की डोक्याचा सगळ्यात लहान भाग पुढे येतो, साधारण साडेनऊ सेंटीमीटर. ओपीमध्ये बऱ्याचदा मान तेवढी वाकत नाही त्यामुळे साडेअकराच्या आसपासचा भाग पुढे येतो. लहान गळ्याचा स्वेटर घालताना आपण हनुवटी खाली घेतली तर पटकन डोकं जातं, सरळ समोर बघत घातला तर कपाळावर अडकतो, तसंच. त्यात डोक्याचा मागचा कडक भाग थेट आपल्या माकडहाडाच्या वरच्या हाडावर दाबत राहतो, म्हणून कळा पोटात कमी आणि पाठीत जास्त. सगळ्यांनाच पाठीत येतात असंही नाही हं, काहीजणींना कळतसुद्धा नाही की बाळ असं होतं.

पण बहुतेक बाळं फिरतात, आणि हे मला कोणीतरी ठासून सांगायला हवं होतं तेव्हा. कळा सुरू होताना साधारण 15 ते 30 टक्के बाळं अशी असतात आणि प्रत्यक्ष जन्माच्या वेळी 5 ते 8 टक्केच उरतात. म्हणजे बाकीची कळांच्या जोराने आतल्या आत 135 अंशांपर्यंत फिरून नेहमीसारखी होतात, काही तर अगदी शेवटी जोर लावताना. त्यामुळे 36 व्या आठवड्याच्या रिपोर्टवरून बाळंतपणाच्या दिवशी काय असेल ते कळत नाही, आणि केवळ ह्या कारणासाठी परत परत सोनोग्राफी करत बसण्यात अर्थ नाही. खरी उपयोगाची असते ती लेबर रूममधली, डोकं पुढे सरकत नसेल तेव्हा पोटावरून केलेली, कारण नुसत्या हाताच्या तपासणीत पोझिशनचा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

व्यायामाचं. माझी आजी म्हणायची खाली बसून फरशी पूस, बाळ सरळ होईल. यूट्यूबवर पण हात आणि गुडघ्यांवर ओणवं राहून कंबर हलवायचे व्हिडिओ भरपूर आहेत. ह्यावर ऑस्ट्रेलियात मोठा अभ्यास झालाय, 2004 साली छापून आला, अडीच हजारांवर बायका, त्यातल्या निम्म्यांनी 37 व्या आठवड्यापासून रोज दोनदा दहा दहा मिनिटं ओणवं राहून कंबर हलवली, आणि जन्माच्या वेळी ओपी बाळांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे केलं नाही म्हणून बाळ फिरलं नाही असं स्वतःला लावून घेऊ नका आणि घरच्यांनाही तसं म्हणू देऊ नका. पाठीला बरं वाटतं म्हणून जरूर करा. मला कळांमध्ये सगळ्यात जास्त आराम त्याच पोझिशनमध्ये पडला, कारण बाळाचा भार पाठीवरून उतरतो.

माझं असं झालं. पाणी आधी गेलं, कळा नंतर, आणि त्या पण कधी जवळ कधी लांब. पोट कडक व्हायचं पण दुखायची ती कंबर, आणि कळ गेली तरी कंबर थांबायची नाही, मधली विश्रांतीच मिळत नव्हती. रात्रभरात गर्भाशयाचं तोंड जेमतेम चार बोटं उघडलं. उताणं झोपवलं की सहन होईना. आई सोबत होती, तिने कळ आली की हाताची मूठ करून दोन नितंबांच्या मधल्या सपाट हाडावर दाबायला सुरुवात केली, चोळायचं नाही, नुसतं घट्ट दाबून धरायचं, आणि मी पलंगाची कड धरून पुढे झुकलेली. जरा जरी मूठ वर सरकली तरी उपयोग नाही, आणि बरोबर जागी बसली की कळ अर्ध्यावर आल्यासारखी वाटायची. शेवटी मी नुसतं 'खाली' म्हणायचे आणि तिला कळायचं. तिचा हात भरून आला की मावशी यायच्या दाबायला. दोन दाबण्यांच्या मध्ये गरम पाण्याची पिशवी. म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे की सोबत कोण असणार ते आत्ता ठरवा आणि ती जागा तिला किंवा नवऱ्याला आत्ताच दाखवून ठेवा, त्या वेळी शिकवायचं त्राण नसतं. दवाखान्यात सोबतीला परवानगी आहे का ते आधी विचारा. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारने 2016 मध्येच मान्यता दिलीये, त्यामुळे तिकडेही मागायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट, जोर लावावासा लवकर वाटतो. डोकं मागे आतड्यांवर दाबतं म्हणून तोंड पूर्ण उघडायच्या आधीच संडासला लागल्यासारखं वाटतं. मला तसं झालं तेव्हा सिस्टरनी तपासून सांगितलं अजून तोंडाची कड शिल्लक आहे, आत्ता जोर लावला तर ती सुजेल. मग कुशीवर झोपून तोंडाने छोटे छोटे श्वास सोडत कळा काढल्या, आणि खरं सांगते, पूर्ण बाळंतपणात ते सगळ्यात अवघड गेलं, खऱ्या जोर लावण्यापेक्षाही.

पूर्ण उघडल्यावर डॉक्टरांनी आतून हाताने डोकं फिरवून बघितलं, फिरलं नाही. बाळाचे ठोके चांगले होते म्हणून त्यांनी वेळ दिला. शेवटी खाली छेद घेऊन मुलगी आली, तोंड छताकडे, डोळे उघडे. डोकं लांबट झालेलं आणि वर सूज, बघून सासूबाई घाबरल्या, पण ते काही दिवसांत आपोआप गोल झालं.

सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. ओपीमध्ये वेळ जास्त लागतो, बाळ बाहेर काढायला व्हॅक्यूम किंवा चिमटा लागण्याची शक्यता जास्त असते, सीझरची पण, आणि खाली खोल फाटण्याची म्हणजे संडासच्या जागेच्या स्नायूपर्यंत जाण्याची पण. डोकं मध्येच आडवं अडकलं किंवा ठोके खाली आले आणि डॉक्टर सीझर म्हणाले तर त्या वेळी वाद घालू नका. माझ्या मावसबहिणीचं बाळ असंच अडकलं आणि सीझर झालं, दोघंही ठणठणीत आहेत, आणि तिने माझ्यापेक्षा काही कमी केलं असं मला कधी वाटलं नाही. फक्त कळाच सुरू नाहीत आणि नवव्या महिन्यात नुसत्या ओपी ह्या एका शब्दावर कोणी तारीख देत असेल तर दुसरं काही कारण आहे का ते स्पष्ट विचारा, आणि समाधान नाही झालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ती कळा कमी करणारी भूल, मिळत असेल तर आधी चौकशी करून ठेवा, भूलतज्ज्ञ रात्री येतात का ते पण. एपिड्युरल घेतलेल्यांत ओपी बाळं जास्त दिसतात हे खरंय, पण बाळ असं असलं की दुखतंच जास्त म्हणून घेणाऱ्याही जास्त असू शकतात. पाठीतल्या कळा एवढ्या लांबल्या तर ते घेण्यात कसलाही कमीपणा नाही, माझ्या गावात सोय असती तर मी घेतलंच असतं.

नंतरचं कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. टाके बरे झाले तरी माकडहाड बरेच दिवस दुखत होतं, पाट घेऊन बसणं जमायचं नाही, कुशीवर झोपून पाजायचे. कोमट पाण्याच्या टबात बसणं, भरपूर पाणी, आणि शौचाला कडक होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध न चुकता, डिंकाचे लाडू कितीही आग्रह झाला तरी पोट साफ होतंय ना ते बघूनच. वारा किंवा संडास रोखता येत नसेल तर लाजून गप्प बसू नका, ते बरं करता येतं, फिजिओथेरपिस्ट असतात त्यासाठी.

आणि एक, ओपीमध्ये कळांच्या आधीच पाणी जाण्याची शक्यता असते, तर बॅग आत्ताच भरून ठेवा. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी लगेच दवाखान्यात जा, रंग हिरवट किंवा लालसर दिसला तर फोन करत न बसता निघा. बाळाची हालचाल कमी वाटली तरी तसंच, सकाळपर्यंत वाट बघू नका.