श्रीलंकेत वर्षभर हवा कशी असते? क्रिकेट आणि सण दोन्ही बघायचे तर कधी जावं?

तिथे पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, कोलंबो-गॉल भिजवणारा; तेव्हा पूर्वेचा त्रिंकोमाली किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत उलट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र कुठेही कोसळतो, तेव्हा नकोच.

सणासाठी मी जुलै-ऑगस्टमधला कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे बुद्धाच्या पवित्र दाताच्या सन्मानाची मिरवणूक, निवडेन. दिव्यांच्या झुली घातलेले हत्ती, आणि त्या दाताच्या मानाची पेटी वाहणाऱ्या गजराजाच्या पायाखाली पांढऱ्या पायघड्या! एप्रिलच्या १३-१४ला सिंहली-तमिळ नववर्ष. दुकानं बंद, हे ध्यानात ठेवा.

क्रिकेट? सामन्यांचं वेळापत्रक आधी बघा. गॉलला कसोटी असेल तर किल्ल्याच्या तटावरूनही मैदान दिसतं. छत्री, टोपी दोन्ही घ्या.