वंगण, स्नेहक, ग्रीस: पुस्तिकेत काय लिहावे?

प्रश्न असा आला आहे: कारखान्यातल्या यंत्रांच्या देखभालीची पुस्तिका मराठीत करायची आहे. ‘लुब्रिकंट’ला वंगण लिहावे की स्नेहक? वंगण म्हणजे फक्त ग्रीस, असे काही कामगार म्हणतात, ते बरोबर का? आणि बेअरिंगला धारवा म्हणावे का?

पहिल्याचे उत्तर वंगण. स्नेहक हा हिंदी परिभाषेतला शब्द आहे आणि तिथे तो ठीक चालतो. संस्कृतात स्नेह म्हणजे तेल-तूपही, म्हणून व्युत्पत्तीही बिनचूक आहे. पण मराठीत स्नेह म्हटले की मनात माया येते, तेलाचा डबा येत नाही. वैद्यांच्या बोलण्यात स्नेहन आहे, दुधाच्या तपासणीत स्निग्धांश आहे. यंत्राजवळ मात्र हा शब्द मराठी माणसाने कधी नेला नाही. नेण्याची गरजही नव्हती, कारण त्या जागी वंगण आधीच होते.

हा शब्द बैलगाडीबरोबर आला. चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गाभा, लाकडी किंवा लोखंडी आखावर फिरे, आणि तिथे वंगण घातले नाही तर चाक कुरकुरे, आख झिजे. वंगणाने भरलेले नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. जाळलेल्या चिंध्यांची किंवा गवताची काजळी तेलात कालवून हे वंगण करत. निव्वळ तेल आखावरून ओघळून जाते. काजळीने ते दाट होते आणि जागेवर टिकते. आजचे ग्रीस याच तत्त्वावर बनते. तेल साबणाने, बहुधा लिथियमच्या साबणाने, घट्ट केलेले असते; काही ग्रीस तर बेंटोनाइट मातीने घट्ट करतात. म्हणजे गाडीवानाचे वंगण हे खरोखर ग्रीसच होते. ‘वंगण म्हणजे ग्रीस’ म्हणणारे कामगार शब्दाचा जुना अर्थ धरून बोलत आहेत, त्यांना चूक ठरवू नका.

आता व्युत्पत्ती, जी मला फार मोलाची वाटते. वंगणाचे दुसरे रूप ओंगण. हिंदीत गाडीच्या आखाला तेल देणे याला औंगना म्हणतात. ओ आणि व यांची ही अदलाबदल मराठीला नवी नाही: ओझे–वझे, ओळख–वळख, ओढा–वढा. एरवी यांतले व-चे रूप गावाकडचे म्हणून पुस्तकाबाहेर राहते. वंगणाच्या बाबतीत गाडीवानाचे रूपच ग्रंथात बसले आणि ओंगण मागे पडले. 

या दोन्हींच्या मागे संस्कृत उपांग असावे, असे माझे मत आहे. इथे उपांग म्हणजे पोटभाग नव्हे. अञ्ज् म्हणजे माखणे या धातूपासूनचे, अभ्यंगाचे भावंड. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, अंगाला तेल लावण्याचे गुण सांगताना तीन दाखले येतात: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले चामडे आणि ‘उपांग’ केल्याने मजबूत झालेला अक्ष, म्हणजे गाडीचा आख. शब्द आणि संदर्भ दोन्ही नेमके तेच. ध्वनीचेही अडत नाही. दोन स्वरांमधल्या प-चा व होतो (दीप–दिवा), आणि सुरुवातीचा उ गळतो, जसा उपविश-चा बैस होताना गळला. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान आणि लेथच्या शाफ्टचे वंगण एका धातूची लेकरे आहेत, असे मी मानतो.

मात्र यंत्रातले वंगण नुसते माखून थांबत नाही. 1883 च्या सुमारास ब्रिटनमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आखांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेलासाठी पाडलेल्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले, आणि भोकात ठोकलेले लाकडी बूच तेलाच्या दाबाने बाहेर ढकलले गेले. फिरता आख स्वतःच तेल ओढून आपल्या आणि बेअरिंगच्या मध्ये दाबाचा थर तयार करतो आणि सगळा भार त्या थरावर उचलला जातो, हे त्यातून कळले. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी त्याचे गणित मांडले. चांगल्या चाललेल्या साध्या (गोळ्या नसलेल्या) बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकतच नाही; झीज मुख्यतः यंत्र सुरू होताना आणि थांबताना होते. म्हणून पुस्तिकेत वंगणाची व्याख्या ‘यंत्राला लावायचे तेल’ अशी करू नका. घासणाऱ्या दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहून घर्षण आणि झीज कमी करणारा पदार्थ, तो म्हणजे वंगण. मग तेल, ग्रीस, ग्राफाइटची पूड हे सगळे त्यात येते. 

एका जागी खरोखर जपा. ‘जाड’ आणि ‘घट्ट’ हे शब्द आलटूनपालटून वापरू नका. तेलाच्या बाबतीत कामगार जाड-पातळ म्हणतात, ती व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा वाहण्याला होणारा विरोध. डब्यावरचे आयएसओ व्हीजी 68 म्हणजे 40 अंश सेल्सिअसला सुमारे 68 सेंटीस्टोक (हे व्हिस्कॉसिटीचे एकक). ग्रीसचा घट्टपणा ही वेगळी मोजणी. तिचे एनएलजीआय (ग्रीसची प्रतवारी ठरवणारी अमेरिकी संस्था) क्रमांक 000 पासून 6 पर्यंत असतात आणि बेअरिंगला बहुतेक ठिकाणी 2 नंबर चालतो. दोन ग्रीस सारखेच घट्ट असूनही त्यांच्यातले तेल एकात जाड, दुसऱ्यात पातळ असू शकते. ‘जाड ग्रीस’ असे छापले तर वाचणारा नेमके काय आणेल? पाठ्यपुस्तकांतले विष्यंदिता आणि श्यानता हे शब्द अचूक आहेत, पण डब्यावर व्हिस्कॉसिटी छापलेले असते, तेव्हा तेच ठेवून शेजारी ‘तेलाचा जाडपणा’ लिहा.

क्रियापदेही ठरलेली आहेत, ती तशीच येऊ द्या: तेल घालणे किंवा सोडणे, ग्रीस भरणे किंवा मारणे, वंगण घालणे. ‘वंगणन करणे’ असे काही घडवू नका. ‘ग्रीस भरणे’ यातले ‘भरणे’ मात्र गैरसमज करते. वेगाने फिरणारे बेअरिंग काठोकाठ भरले तर ग्रीस आत घुसळून तापते; साधारणपणे मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग एवढेच हवे. तिथे प्रमाण त्याच वाक्यात लिहा.

धारवा हा शब्द मराठी विश्वकोशाने वापरला आहे आणि तो मला आवडतो: फिरत्या दांड्याला धरून ठेवणारा तो धारवा. अभ्यासाच्या लेखात मी तो जरूर लिहीन. पण तुमच्या पुस्तिकेत बेअरिंगच लिहा. आवाज येऊ लागला की फिटर ‘बेरिंग गेली’ असे ओरडतो, आणि स्टोअरमधून बदली भाग मागवतानाही तोच शब्द लागतो. लिंगाचे एक ठरवून घ्या: कारखान्यात स्त्रीलिंग ऐकू येते, छापील मजकुरात नपुंसकलिंग जास्त. मी ‘बेअरिंग बदलले’ लिहीन, पण तुमचे कामगार ‘बदलली’ म्हणत असतील तर त्यांचे ऐका.