अमेरिकेत ताईला फूड स्टॅम्प बंद होण्याचं पत्र आलंय, वय 57, आता या वयात नोकरी शोधावीच लागेल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून ताई सिटिझन आहेत, पार्टटाइम काम सुटलंय आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं त्याच बघतात. मग बहुतेक नोकरीची गरज पडणार नाही, पण पत्र बाजूला टाकू नका.

नियम असा की धडधाकट माणसाने महिन्याला 80 तास काम दाखवायचं, नाहीतर 36 महिन्यांत फक्त 3 महिने स्नॅप (म्हणजेच फूड स्टॅम्प). हे 1996 पासून आहे पण तेव्हा पन्नाशीच्या आतल्यांनाच होतं, 2023 पासून वाढवत 54 वर नेलं आणि जुलै 2025 च्या कायद्याने डायरेक्ट 64, म्हणून ताईंना आत्ता पत्र. घरात 18 च्या आतलं मूल असलं की सूट होती, ते आता 14 च्या आतलं लागतं. बेघर लोकांना आणि माजी सैनिकांना दिलेली सूटही काढून घेतली, जे मला तरी अजिबात पटलेलं नाही.

पण आजारी, परावलंबी माणसाची काळजी घेणाऱ्याला सूट अजून आहे. मी इथे एका फूड पँट्रीत (गरजूंना फुकट किराणा देतात तिथे) लोकांना फॉर्म भरून देतो, आपल्या बायकांना विचारलं काय करता की उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, घरीच असते." अहो सकाळी उठवण्यापासून डायपर, गोळ्या, रात्रीची जागरणं, आणि म्हणे काही नाही! समोरचा तेच लिहून घेतो आणि सूट गेली. तर ताईंना सांगा, जे करतात ते सगळं बोला, आणि सासूबाईंच्या डॉक्टरकडून दोन ओळींचं पत्र घ्या, की यांना स्वतःचं स्वतः जमत नाही आणि सून बघते.

ताईंचेच गुडघे वगैरे काम करण्यासारखे नसतील तर तेही चालतं, अनएम्प्लॉयमेंट (बेकारी भत्ता) चालू असेल तरी सूट. काहीच लागू झालं नाही तर 80 तासांत स्वयंसेवा पण धरतात, फक्त तासांवर कोणाची तरी सही हवी.

आणि तरी बंद केलंच तर फेअर हिअरिंग (निर्णयाविरुद्ध सुनावणी) मागा, मागायला 90 दिवस असतात, पण पत्रावरच्या तारखेच्या आत मागितलं तर निकालापर्यंत पैसे सहसा चालू राहतात (हरलात तर परत द्यावे लागतात हं). कागद देताना शिक्का मारलेली कॉपी मागून घ्या, नंतर "आम्हाला मिळालंच नाही" हे फार ऐकलंय.