टायफॉइडमध्ये आतडं फुटलं. टाके घालायचे सोडून पिशवी का लावली?

ताई, तुमचा राग समजला. ऐरोलीतल्या जावेच्या मुलाचं आतडं फुटलं तर त्याला नुसते टाके, आणि कोपरखैरण्यात तुमच्या नऊ वर्षांच्या लेकाला मात्र पोटावर पिशवी. ठाण्यात मुलांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर होते, तिथे हाच प्रश्न आया रडत रडत विचारायच्या.

टायफॉइडमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण होतात. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादा आरपार गेला की आतली घाण पोटात सांडते. भोक एकच आणि ताजं असेल तर कडा साफ करून टाके घालतात. भोकं जास्त असली तर तेवढा तुकडा काढून टोकं जोडतात. पण पोटात पू साचलाय, आतडं सुजून ओल्या कागदासारखं झालंय, तर टाका धरतच नाही. तो उसवला की पुन्हा पोट उघडा, आणि तापाने खंगलेल्या पोराला ते झेपणं कठीण. म्हणून आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर बाहेर काढतात आणि मळ जमा करायला त्यावर पिशवी लावतात. डॉक्टरांनी हात टेकले असं नव्हे, जोखीम टाळली. वजन भरलं की साधारण दोन-तीन महिन्यांत ते परत आत जोडतात.

तोवर खरी लढाई कातडीची. तिथून येणारं पातळ पाणी कातडी अक्षरशः भाजून काढतं. पिशवीचं भोक आतड्याच्या तोंडाच्या मापाचंच कापा. सूज उतरते तसं माप बदलतं, म्हणून दर वेळी नव्याने मोजा. कोमट पाण्याने पुसायचं, डेटॉल नको, तेल-पावडर तर नकोच, पिशवी चिकटत नाही. एक तृतीयांश भरली की रिकामी करा. आतड्याचं तोंड लाल, ओलसर असतं, पुसताना चिमूटभर रक्त येतं, घाबरू नका. काळपट पडलं तर मात्र लगेच हॉस्पिटलला निघा. पाण्यासोबत मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी पाजून भागत नाही, ओआरएस हवंच. जीभ कोरडी पडली, लघवी कमी झाली, तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका.

धाकटीच्या लसीचं विचारलंत. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी टायफॉइडच्या तेव्हा नव्या काँज्युगेट (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून केलेल्या) लसीची मोहीम सुरू केली होती. तुमच्या वॉर्डात तिला ती मिळालीय का, कार्ड काढून बघा. नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे मिळते, एकदाच टोचायची असते. आणि लेकाला कधी द्यायची, तेही त्यांनाच विचारून घ्या.